तिकिटावरील वेळेचा हिशेब

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. तिकिटावर ज्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात, आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा, विमान मुंबईहून १० वाजता निघून दुबईत पावणेबाराला उतरते. फरक पावणेदोन तासांचा. त्यात दीड तास मिळवा, खरा प्रवास सव्वातीन तास. परतीला दीड तास वजा करावा. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून येताना वेळ कमी लागतो. मात्र चंदगडहून मुंबई गाठण्यात रात्र जाते, विमानतळावर तीन तास आधी हजर व्हावे लागते. म्हणून नमुने घेऊन निघणाऱ्याने गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवसाची वेळ द्यावी. पहिल्याच भेटीला उशीर झाला की हातचा सौदा जातो.