गळाने मासे कसे धरावेत

आमचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. हे धरण भीमा नदीवर बांधले असून ते १९८० साली पूर्ण झाले. धरणाच्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. आमच्या गावचा ओढा त्या पाण्याला मिळतो. तिथे पाणी संथ असते व पाणवनस्पती खूप आहे. तिथेच मी आबांबरोबर गळ टाकायला जातो. एकट्याने जायचे नाही, कारण काठाला गाळ आहे व पाय रुततो.

गळाला लागणारे सामान थोडे असते. वेळूची एक काठी, तंगूस, शिशाची छोटी गोळी आणि गळ. तंगूस व गळ बाजारच्या दिवशी मिळतात. गळाला नंबर असतो. गंमत म्हणजे बारा नंबरचा गळ लहान आणि सहा नंबरचा मोठा! मला आधी हे उलटे वाटायचे. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, त्यामुळे माशाच्या तोंडातून गळ निसटत नाही. (बोटातूनही निसटत नाही. आमच्या वर्गातल्या एकाला विचारा.)

तंगुसाला साधी गाठ मारली तर ती सुटते. म्हणून दोरा गळाच्या नेढ्यातून घ्यायचा, त्याच दोऱ्याला पाच-सहा वेढे द्यायचे, मग शेंडा नेढ्याजवळच्या फासातून काढायचा. थुंकी लावून हळू ओढायचे. कोरडे ओढले तर तंगूस कमजोर होतो. वर तरंगायला आम्ही मोरपिसाच्या दांडीचा तुकडा बांधतो. तो पाण्यात उभा राहतो आणि मासा टोकला की लगेच हलतो.

आता मासे. आबा म्हणतात, माशाचे तोंड बघ म्हणजे आमिष कुठे सोडायचे ते कळते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला, तो तळाशी चरतो. हे तिन्ही मासे मूळचे गंगेकडचे. आपल्याकडे त्यांचे बीज धरणात सोडतात. त्यांना कणकेची गोळी आवडते, तिच्यात शेंगदाण्याची पेंड मळली तर जास्तच. शिंगाळ्याला मिशा असतात व खवले नसतात. त्याला हाताने धरू नये, पाठीवरचा काटा लागला की रडू येते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली. चिलापी गांडूळ पण खाते आणि कणीक पण खाते. पण ती फार लबाड आहे. आधी नुसती टोकत बसते, पीस नाचते, आपल्याला वाटते लागली! ओढले की गळ रिकामा. म्हणून पीस तिरपे होऊन पाण्यात जाईपर्यंत थांबायचे व मगच झटका द्यायचा. चिलापीची आई अंडी तोंडात ठेवते. पिले बाहेर पडली तरी भीती वाटली की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. तेवढे दिवस ती काही खात नाही.

मला स्वतःला मरळ आवडते. तिचे डोके सापासारखे असते. ती हवेत श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन हवा गिळते, तिला वर येऊच दिले नाही तर मासा असून ती पाण्यात गुदमरून मरते! ओल्या पोत्यात मात्र ती किती तरी वेळ जिवंत राहते. मरळीला मोठा गळ लागतो. त्याला छोटा बेडूक लावून गवताच्या कडेने नाचवत न्यायचा.

मागच्या श्रावणात मी ओढ्यात एक नारिंगी पुंजका बघितला. जवळ जाऊन बघतो तर मरळीची बारीक बारीक पिल्ले! शेकडो असतील. सगळी मिळून वर यायची, पाणी चमचम करायचे, पुन्हा खाली. आबा तेव्हा शेतावर होते. मी चुलत भावाबरोबर गेलो व पुंजक्याशेजारी बेडूक सोडला. लगेच धप्पकन पाणी उडाले आणि काठी वाकली. माझ्या हाताएवढी मरळ होती. मी नाचतच घरी आलो.

आबांनी विचारलं, "कुठं घावली?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आरं, तिला भूक नव्हती. बेडूक पिल्लांजवळ आला म्हणून धावली ती. राखत व्हती पिल्लं."

त्या दिवशी आईने कालवण केलं. आबांनी भाकरी चटणीबरोबर खाल्ली. मी दोन तुकडे घेतले होते, एकच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर पळत गेलो. पुंजका फुटला होता. थोडी पिल्ले गवताजवळ होती, थोडी उघड्या पाण्यात. वाळलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. तो सूर मारायचा, वर येऊन गिळायचा, पुन्हा सूर. मी ढेकळं मारली. तो उडाला व पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. मी शाळेची घंटा होईपर्यंत तिथे उभा होतो. दप्तर घरीच राहिलं म्हणून बाई रागावल्या.

संध्याकाळी आबा माझ्याबरोबर आले. त्यांनी बोटाने दाखवलं. गवताखाली आणखी एक मरळ होती. आबा म्हणाले, "जोडीतली दुसरी हाय. दोघं मिळून राखत्यात." ती हलत नव्हती. उरलेली पिल्ले तिच्या डोक्यावर जमली होती.

आता पुंजका दिसला की मी तंगूस काठीला गुंडाळतो आणि चिलापीच्या बाजूला जातो. चिलापीला काटे असतात, पण तव्यावर भाजली तर छान लागते. आबा पण खातात.

— इयत्ता ४ थी