बातमीआधी परवानगी



पूर्वी कपडेवाटप झाले की मी वार्ताहराला फोन करीत असे. एकदा कुपोषित बाळाचा फोटो नावासकट मीच पाठवला. छापून आल्यावर आई म्हणाली, "ताई, बाजारात लोक माझ्याकडे बोट दाखवतात." दोष वार्ताहराचा नव्हता, मी तिला विचारलेच नव्हते. तिची क्षमा मागितली.

लूक 1:3 पाहा. लूकने आधी नीट शोध घेतला, मग लिहिले. वार्ताहरालाही तसा शोध घेऊ द्यावा. आता मी घरच्यांची परवानगी घेऊनच त्यांना पाड्यावर नेते, आकडे तपासून देते. विहीर आटली तरी कळवते, केवळ कार्यक्रम असतानाच नव्हे.

6 जानेवारीला, पत्रकार दिनी, त्यांना शुभेच्छा द्या. बदल्यात बातमी मागू नका.