इंजिन वर राहत नाही? दाब कुठे जातो ते शोधूया



पावसाळा संपत आला. चार महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या पर्यटनाच्या होड्या आता पुन्हा पाण्यात उतरतील. खाडीकाठच्या काही गटांनी कर्ज काढून इंजिनची होडी घेतली आहे. तिकिटं, हिशेब, पर्यटकांचं जेवण हे सगळं आपण सांभाळतो. पण इंजिनाचा विषय निघाला की "ते होडीवाले दादा बघतात" म्हणून मोकळ्या होतो. मग एक दिवस बिल येतं, "ट्रिमचा पंप बदलला", आणि अध्यक्ष-सचिव सही करतात. पंप खरंच गेला होता का, हे गटात कुणालाच सांगता येत नाही. होडी आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, तर एवढं आपल्याला कळायलाच हवं. म्हणून या महिन्याचा पाठ ट्रिमचा.

ट्रिम म्हणजे काय?

होडीच्या मागे लटकणारं इंजिन बटणाने वर-खाली होतं. चालत्या होडीत ते थोडंसं वर-खाली करून होडीचं नाक सरळ ठेवायचं, याला ट्रिम म्हणतात. उथळ पाण्यात किंवा होडी उभी करताना इंजिन पूर्ण वर उचलायचं, तो टिल्ट.

डंपरचा हौदा कसा वर जातो ते आपण पाहिलंय. इथेही तेच. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेलाच्या दाबाने सिलिंडरमधला दांडा बाहेर येतो आणि इंजिन उचललं जातं. बटण सोडलं की व्हॉल्व्ह तेल अडवून धरतो, म्हणून इंजिन तिथेच थांबतं. तेल गळलं, त्यात हवा शिरली किंवा व्हॉल्व्हने धरलं नाही, की दाब गेला.

दाब गेल्याच्या खुणा

- रात्री वर उचललेलं इंजिन सकाळी खाली आलेलं असतं.
- मोटरचा आवाज येतो, पण इंजिन उचलत नाही किंवा अर्ध्यावर थांबतं.
- झटके देत वर जातं.
- होडी मागे घेताना इंजिन आपोआप वर उसळतं.

याकडे दुर्लक्ष करू नका. ओहोटीला इंजिन खाली आलं तर पंखा वाळूत रुततो किंवा खडकावर आपटतो. मागे घेताना इंजिन उसळलं तर धक्क्याला लागताना होडी आवरत नाही, आणि होडीत माणसं असतात.

आधी सुरक्षितता

60 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन 100 किलोच्या वर भरतं. वर उचलल्यावर आधाराचा खटका लावल्याशिवाय त्याच्या खाली हात घालायचा नाही. नुसत्या तेलाच्या भरवशावर कधीही राहू नका.

तपासणी, याच क्रमाने

1. कान द्या. बटण दाबल्यावर मोटरचा आवाजच येत नसेल, तर तो दाबाचा दोष नाही, विजेचा आहे. बॅटरी, तिच्या टोकांवरचा गंज, फ्यूज आणि रिले बघा. आवाज दमल्यासारखा येत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा. आवाज नीट येतो पण इंजिन हलत नाही, तर पुढे चला.

2. सुटका-स्क्रू बघा. इंजिन ज्या पट्टीवर बसतं तिच्या बाजूला एक मोठा स्क्रू असतो. बॅटरी बंद पडली की तो सैल करून इंजिन हाताने उचलतात. नंतर तो घट्ट करायचा राहून गेला, तर तेल परत फिरतं आणि दाब तयारच होत नाही. एक स्क्रू आवळायचा, खर्च काही नाही. पंपाचं बिल देण्याआधी हे झालंय का, एवढं नक्की विचारा.

3. तेलाची पातळी. इंजिन पूर्ण वर, खटका लावलेला, मगच टाकीचं झाकण उघडायचं. इंजिन खाली असताना उघडलं तर दाबाने तेल अंगावर उडू शकतं. पंपाने उचलत नसेल तर सुटका-स्क्रू सैल करून चार जणांनी मिळून उचला, खटका लावा, स्क्रू परत आवळा. इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल अजिबात नको, त्याने रबराची सीलं फुगून खराब होतात.

4. तेलाचा रंग. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. नुसती भर घालून भागणार नाही, तेल बदलावं लागेल आणि पाणी कुठून शिरलं ते शोधावं लागेल.

5. गळती शोधा. दांडा आणि नळीचे जोड कापडाने कोरडे पुसा, इंजिन वर-खाली करा, पुन्हा पुसा. कापडाला तेल लागलं तिथे गळती. दांड्यावर गंजाचे खड्डे किंवा चिकटलेली समुद्री कवचं असतील तर ती सील कापतात. नुसतं सील बदलून दांडा तसाच ठेवला तर नवं सीलही जातं. हे तेल खाडीत उतरतं आणि आपल्याच कालवांना, मासळीला बाधतं.

6. हवा काढा. तेल भरल्यावर इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. मग वर उचलून, खटका लावून पातळी पुन्हा बघा, लागेल तेवढं घाला. झटके थांबले तर दोष हवेचाच होता.

7. रात्रीची परीक्षा. होडी जमिनीवर भक्कम टेकवा, पंख्याखाली मोकळी जागा ठेवा, मुलं जवळ जाणार नाहीत असं बघा. इंजिन उचला, खटका न लावता दांडा किती बाहेर आहे ते टेपने मोजून लिहा. सकाळी पुन्हा मोजा. बाहेर गळती नाही, स्क्रू घट्ट आहे, तरी दांडा बराच आत गेला, तर आतला व्हॉल्व्ह किंवा सील गेलंय. हे काम मेकॅनिकचं. सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह घरी उघडू नका.

मेकॅनिककडे जाताना

"इंजिन बिघडलं" एवढंच सांगू नका. मोटरचा आवाज येतो का, तेल किती कमी झालं, रात्रीत दांडा किती आत गेला, हे कागदावर लिहून न्या. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि बिलाला जोडून ठरावात नोंदवा.

रोजची सवय

फेरी संपली की दांडा आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा. खटका लावा. महिन्यातून एकदा तेल बघा आणि तारखेसह वहीत लिहा.

या महिन्याचं काम: ज्या गटांकडे होडी आहे त्यांनी पहिली फेरी निघण्याआधी वरच्या सातही पायऱ्या दोन सख्यांनी स्वतः करून बघायच्या, होडीवाल्या दादांना सोबत घेऊन. काय दिसलं ते वहीत लिहा आणि ती वही पुढच्या मासिक बैठकीत आणा. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांनीही ऐकायला बसा. पिठाची गिरणी असो की मसाल्याचं यंत्र, बिलावर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न साधारण हेच असतात.