बुश हाऊसचे बुश कोण?

प्रश्न : वडील रेडिओवर बीबीसीच्या हिंदी बातम्या न चुकता ऐकत. त्यामुळे लंडनचे ‘बुश हाऊस’ आमच्या घरात सर्वांना ठाऊक. हे बुश म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बापलेकच का? आणि त्यांच्या नावाची इमारत लंडनमध्ये कशी?

उत्तर : आडनाव एक, देशही एक; घराणे मात्र वेगळे. ही इमारत 1925 साली खुली झाली, तेव्हा थोरले जॉर्ज बुश जेमतेम वर्षाचे होते! इमारतीवरचे बुश म्हणजे न्यूयॉर्कचे वखारवाले अर्व्हिंग बुश.

अर्व्हिंग यांचे वडील रूफस यांचा ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीचा कारखाना होता. तो त्यांनी स्टँडर्ड ऑइलला विकला. पुढे त्याच किनाऱ्यावर मुलाने 1890च्या दशकात सहा गोदामे आणि एक धक्का, एवढ्यावर सुरुवात केली.

न्यूयॉर्कला येणाऱ्या मालाची तेव्हा फार ओढाताण होई. पश्चिमेकडून येणारे बहुतेक लोहमार्ग नदीपलीकडे न्यूजर्सीतच थांबत. तिथून माल बार्जवर, मग घोडागाडीत, मग वखारीत, तिथून पुन्हा गाडीत. दर चढउताराला हमाली वेगळी. जहाज, रेल्वे, गोदाम आणि कारखाना एकाच आवारात आणले तर हा खर्च वाचेल, असे बुश यांचे गणित होते.

गणित बरोबर, पण गिऱ्हाईक येईना. लोक त्याला ‘बुशचा वेडेपणा’ म्हणू लागले. रेल्वे कंपन्या दाद देईनात, तेव्हा बुश यांनी मिशिगनमध्ये माणूस पाठवून शंभर वाघिणी गवत विकत घेतले आणि ते थेट आपल्या धक्क्यावर पोचवण्याची मागणी केली. एवढे भाडे सोडवेना म्हणून अखेर बाल्टिमोर अँड ओहायो कंपनी तयार झाली. वाघिणी बार्जवर चढून ब्रुकलिनला आल्या. जहाजे फिरकत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच जहाजे भाड्याने घेऊन केळ्यांचा व्यापार केला. गोदामे भरायला कॉफी आणि कापूस घेतला. थोडक्यात, आपल्या वखारीचे पहिले गिऱ्हाईक ते स्वतःच झाले. मला तरी त्यांचे खरे कसब यातच दिसते.

पुढे सहाची शंभरावर गोदामे झाली. शेजारी बहुमजली गाळे उभे राहिले. छोट्या कारखानदाराला तिथे वाफ, वीज आणि दाराशी रेल्वे, सगळे भाड्यात मिळे.

माल ठेवायची सोय झाली, पण तो दाखवायचा कुठे? त्यासाठी मॅनहॅटनमध्ये मनोरा बांधला. अनेक उत्पादकांचा माल खरेदीदाराला एकाच छपराखाली पाहता यावा, ही त्यामागची कल्पना. तीच मोठ्या थाटात त्यांनी लंडनला नेली, ते हे बुश हाऊस. तिथला व्यापार मात्र ठरल्याप्रमाणे बहरला नाही.

राहिली बीबीसी. ही इमारत तिनेच बांधली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बॉम्बहल्ल्यात मूळ जागेचे नुकसान झाल्यावर, 1941 साली तिचा परदेशी प्रसारणाचा विभाग इथे आला. तो 2012पर्यंत राहिला, पण भाडेकरू म्हणूनच.