सातवीतली मुलगी आणि नववीचे नवोदय

प्रश्न : मुलगी कुळगावच्या मराठी शाळेत सातवीत आहे. गणित-विज्ञानाची तिला फार आवड. नववीत नवोदयला प्रवेश मिळेल का?

उत्तर : मिळू शकतो, पण जागा रिकामी असेल तरच. जवाहर नवोदय विद्यालयाची मुख्य भरती सहावीत होते. नववीत फक्त उरलेल्या जागा भरतात. अर्ज करताना मूल त्या विद्यालयाच्याच जिल्ह्यात आठवीत शिकत असावे लागते.

प्रवेश परीक्षा अडीच तासांची, १०० गुणांची. गणित आणि विज्ञानाला ३५-३५, इंग्रजी आणि हिंदीला १५-१५ गुण. अडचण वेगळीच आहे: प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. म्हणून एनसीईआरटीची गणित-विज्ञानाची पुस्तके तिने आत्तापासूनच, मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचावीत. त्यासाठी लोकलच्या गर्दीतून रोज ठाण्याच्या क्लासला पाठवणे या वयात अन्यायाचेच आहे. तो वेळ घरी गणिते सोडवण्यात जावा.

नवोदयची जागा मिळेलच असे नाही, म्हणून पर्यायही हवा. शाळा सरकारी वा अनुदानित असेल आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा जरूर द्यावी. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीत किमान ५५ टक्के हवेत, त्यामुळे यंदाची वार्षिक परीक्षाही महत्त्वाची.