माहीमचं गोड पाणी आणि नवसाची होडी

प्रश्न : शेजारचे काका म्हणतात, २००६ साली माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं, हजारो लोक ते प्यायले, शास्त्रज्ञांनाही छातीठोक काही सांगता आलं नाही, म्हणजे तो चमत्कारच, आणि देव आहेच. आई म्हणते, एकविरा आईला नवस बोलले म्हणून बाबांची होडी वादळातून परत आली. मला कुणाला दुखवायचं नाही. पण यात काही चुकतंय का?
– एक वाचक, माहुल कोळीवाडा

उत्तर : काका सांगतात ती घटना खरी आहे. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर रीघ लागली होती. लोक बाटल्या भरभरून पाणी नेत होते आणि पिऊ नका म्हणून महापालिका बजावत होती. चूक आहे ती काकांच्या ‘म्हणजे’मध्ये. माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते. भर पावसाळ्यात ती भरपूर गोडं पाणी आणते. ते खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून वरच्या थरात पसरतं. आणि मिठी सोबत किती घाण घेऊन येते, हे मुंबईकराला सांगायला नको.

समजा, हे कारण कुणालाच सुचलं नसतं. तरीही त्यातून ‘कारण ठाऊक नाही’ एवढंच निघालं असतं. उद्या कुणी माहुलमध्ये येऊन म्हणालं, ‘तुमचा खोकला इथल्या कारखान्यांच्या धुरामुळेच आहे हे सिद्ध झालेलं नाही, म्हणजे धूर निरुपद्रवी आहे’, तर काका त्याला दारात उभं करतील का? दोन्हीकडे अज्ञानालाच पुरावा केलेलं आहे. हजारो लोक प्यायले, यानंही पाण्याची तपासणी होत नाही.

अशा फसव्या कारणांना आपल्या न्यायशास्त्रानं हेत्वाभास म्हटलं आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले. त्याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करू पाहिलं, तेही विरोधकांचे आक्षेप अंगावर घेत. तेव्हा काकांकडे नीट पुरावा मागणं हा त्यांच्या श्रद्धेचा अपमान नव्हे.

आईचं म्हणणं जरा वेगळं. आधी नवस, मग सुटका. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायलाही एकच गाठ पडते. शिवाय ज्या होड्या परतल्या नाहीत, त्यांच्यासाठीही घरोघरी नवस बोलले गेले होतेच. त्या घरची माणसं नवस फेडायला कार्ल्याच्या डोंगरावर एकविरेच्या देवळात दिसत नाहीत, त्यामुळे आपला हिशेब एकतर्फी होतो. ग्रीसच्या डायागोरसनं हेच विचारलं होतं, असं रोमन लेखक सिसेरोनं लिहून ठेवलंय : वादळातून वाचलेल्यांची चित्रं देवळात आहेत, बुडालेल्यांची कुठे आहेत?

यावरून देव नाही असं मात्र ठरवू नका. एक युक्तिवाद कोसळला, एवढंच झालं. आईशी तर हा वाद घालूच नका. ती काही सिद्ध करत नाही, त्या रात्रीची भीती सांगते; ती ऐकून घ्या. काकांशी जरूर बोला, पुन्हा अशी बातमी येऊन कुणी खाडीचं पाणी लेकराच्या तोंडाला लावायच्या आत.