पोट कोठे दुखते? कसे दुखते?

कधीच पोट दुखले नाही, असा माणूस गावात सापडायचा नाही. बहुतेक दुखणी एक-दोन दिवसांत बरी होतात. पण काही दुखणी जीव घेतात. कोणते दुखणे कोणते, हे थोडे तरी ओळखता आले पाहिजे.

पोट म्हणजे एकच वस्तू नव्हे. घरात जशी पडवी, माजघर आणि चूल, तसे पोटातही वेगवेगळे भाग आहेत. वर जठर आहे. उजवीकडे बरगड्यांखाली यकृत व पित्ताची पिशवी आहे. मध्ये आतडी आहेत. मागे पाठीकडे दोन मूत्रपिंडे आहेत. बायकांना खाली गर्भाशय आहे. जो भाग बिघडतो, त्याप्रमाणे दुखणे बदलते.

म्हणून डॉक्टरांना नुसते "पोट दुखतंय" म्हणू नका. चार गोष्टी सांगा. कोठे दुखते? केव्हापासून दुखते? कसे दुखते? सोबत ताप, उलटी, जुलाब काय आहे?

मुरडा व जुलाब. पोटात कळ येते, शौचाला झाले की थोडे बरे वाटते. हे बहुधा घाण पाण्याने होते. तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जाते. तेथे ते शुद्ध करून लोकांना मिळते. आपण ओढ्याचे, विहिरीचे पाणी तसेच पितो. ते उकळून प्यावे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी थोडे थोडे पाजावे. शौचात रक्त पडले तर दवाखाना गाठावा.

छातीखाली जळजळ. लोक म्हणतात, "तिखटानं अल्सर झाला." पण १९८२ साली ऑस्ट्रेलियात दोन डॉक्टरांना जठरात एक जंतू सापडला. पुष्कळांचा अल्सर ह्या जंतूने होतो आणि औषधाने बरा होतो. मात्र जळजळीबरोबर घाम फुटला, छाती दाबल्यासारखी वाटली, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेथे सोडा पीत बसू नये.

मुतखडा. कमरेच्या एका बाजूने कळ निघते आणि जांघेकडे उतरते. माणूस तळमळतो, एका जागी पडून राहात नाही.

अपेंडिक्स. आधी बेंबीभोवती दुखते. काही तासांनी दुखणे खाली उजवीकडे सरकते. चालताना, खोकताना वाढते. अन्न नको वाटते, ताप येतो. ह्याला ऑपरेशन लागते. येथे एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका, डाग तर मुळीच देऊ नका. जुलाबाने अपेंडिक्स फुटू शकते.

बाईचे दुखणे. पाळी चुकली आहे आणि खालच्या पोटात एकदम कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. पोटात रक्तस्राव होतो. वहिनी, काकी लाजून गप्प बसली तर जीव जाईल.

मण्यार. हे आपल्या भागात नीट लक्षात ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोट धरून उठतो, उलटी करतो. घरची माणसे म्हणतात, "रातचं जेवण बाधलं." मग पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. असे दिसले की भगताकडे जाऊन वेळ घालवू नका. विषावरचे इंजेक्शन रुग्णालयातच मिळते. निजायला खाट आणि मच्छरदाणी वापरावी.

पोट लाकडासारखे कडक झाले, उलटीत रक्त आले, शौच काळे डांबरासारखे झाले, वारा व शौच दोन्ही बंद झाले, तरीही थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडीला पैसे पडत नाहीत. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे.

प्रश्न
१. डॉक्टरांना कोणत्या चार गोष्टी सांगाल?
२. अपेंडिक्सच्या दुखण्यात काय करू नये?
३. पहाटे पोट दुखून पापण्या मिटू लागल्या तर काय समजावे?